घरबसल्या एम.एस्सी. नर्सिंग: उरलेले पैसे भरण्यापूर्वी

प्रश्न: आदरणीय मॅडम, मी चोपडा तालुक्यातील एका सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. जी.एन.एम. ही नर्सिंगची पदविका झाल्यावर नोकरी लागली, पुढे पदविकेनंतरची पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी केली, त्यात ५८ टक्के गुण आहेत. नियमित सेवेला आठ वर्षे झाली असून सध्या प्रसूती कक्षात आहे. एम.एस्सी. नर्सिंग करून पुढे शिकवण्याकडे वळावे अशी फार इच्छा आहे, पण मुले लहान आहेत, सासूबाईंना मधुमेह आहे आणि केळीच्या भावाचा भरवसा नसल्यामुळे माझा पगार थांबून चालणार नाही. जळगावच्या एका शैक्षणिक सल्लागाराने परराज्यातील विद्यापीठाची ‘ऑनलाइन एम.एस्सी. नर्सिंग’ सुचवली आहे. एकूण फी १ लाख ८० हजार, हजेरी लागत नाही, फक्त परीक्षेला जायचे; शिवाय मागच्या सत्रात प्रवेश दाखवला तर दीड वर्षात पदवी मिळेल, असे ते सांगतात. मी १० हजार रुपये दिले आहेत आणि नोंदणी प्रमाणपत्रासह माझी मूळ कागदपत्रे त्यांनी ‘पडताळणीसाठी’ ठेवून घेतली आहेत. अमेरिकेतील विद्यापीठे नोकरी करणाऱ्या परिचारिकांना ऑनलाइन मास्टर्स देतात, असे एक मैत्रीण म्हणते; तेही मला करता येईल का? घरचे म्हणतात, इतके जण करतात, तूच का घाबरतेस?
— एक अधिपरिचारिका

उत्तर: पदवीचा विचार दोन दिवस बाजूला ठेवा आणि आधी तुमची मूळ कागदपत्रे परत आणा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र हा तुमच्या नोकरीचा पाया आहे. पडताळणीसाठी मूळ प्रत पाहायची असते, ठेवून घ्यायची नसते. प्रवेश रद्द करीत असल्याचे आणि कागदपत्रे परत हवी असल्याचे पत्र लिहून त्यांची यादी सोबत जोडा, ते स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. फोनवर झालेले बोलणे संदेशातूनही पाठवून ठेवा, म्हणजे नंतर कोणी नाकारणार नाही. आठवड्याभरात कागदपत्रे हाती आली नाहीत तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या; त्या तक्रारीची प्रत पुढे परिषदेकडे आणि विद्यापीठाकडे दुय्यम प्रती मागतानाही उपयोगी पडेल. दिलेले १० हजार रुपये मागा, पण ते परत मिळवण्यासाठी आणखी ‘रद्दीकरण शुल्क’ भरू नका. अशा व्यवहारात पहिल्या रकमेपेक्षा ती सोडवण्यासाठी भरलेली दुसरी रक्कम अधिक महागात पडते.

आता मूळ प्रश्न. भारतात ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने केलेल्या एम.एस्सी. नर्सिंगला मान्यता नाही. हे माझे मत नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणविषयक २०२० च्या विनियमांनुसार ज्या विषयांच्या पदव्या या पद्धतीने देता येत नाहीत, त्यांत वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माणशास्त्र, विधी यांच्याबरोबर परिचर्या हा विषय स्पष्टपणे येतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमातही एम.एस्सी. नर्सिंग हा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. म्हणून सल्लागाराने विद्यापीठाची मान्यतापत्रे दाखवली तरी त्याने भारावून जाऊ नका. विद्यापीठ खरे असू शकते, त्याची एम.बी.ए. किंवा एम.ए.ची ऑनलाइन पदवीही मान्यताप्राप्त असू शकते. परंतु त्या मान्यतेखाली त्याला परिचर्येची पदवी घरबसल्या देता येत नाही. फसवणूक बहुधा याच फटीतून होते: कागद विद्यापीठाचा दाखवतात आणि अभ्यासक्रम भलताच विकतात.

हा नियम केवळ अडवणुकीसाठी आहे असे वाटत असेल, तर अभ्यासक्रमातील तासांची मांडणी पाहा. दोन्ही वर्षांचे मिळून सुमारे ३४०० तास आहेत. त्यांपैकी तुम्ही निवडलेल्या विशेष शाखेची प्रात्यक्षिके पहिल्या वर्षी ६५० तास आणि दुसऱ्या वर्षी ९५० तास, म्हणजे एकूण १६०० तास होतात. आठ तासांची पाळी धरली तर नुसत्या विशेष शाखेसाठी २०० पाळ्या. परीक्षेला बसण्यासाठी सिद्धान्त आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत किमान ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकांची हजेरी शंभर टक्के पूर्ण करावी लागते. वर्गातला भाग मोबाइलवर ऐकता येईल, यात वाद नाही. परंतु गुंतागुंतीच्या प्रसूतीत रक्तस्राव किती झाला याचा अंदाज बांधणे, नवख्या विद्यार्थिनीच्या हाताशी उभे राहून तिला न घाबरवता तिची चूक दुरुस्त करणे, पाळी संपताना वॉर्डचा ताबा नीट देणे, हे कोणी आपल्याला पाहत असताना करावे लागते आणि पाहणाऱ्याने त्यावर सही करावी लागते. तुम्हाला पुढे शिकवायचेच आहे. मग हेच तुम्ही विद्यार्थिनींकडून मागणार आहात.

‘इतके जण करतात’ या घरच्यांच्या म्हणण्याकडे मी दुर्लक्ष करणार नाही, कारण ते खोटे नाही. आपल्या भागात ‘नॉन-अटेंडिंग’, म्हणजे वर्गात न जाता पदवी, हा शब्द आता बी-बियाण्यांच्या दुकानात वाणाचे नाव घ्यावे इतक्या सहजपणे उच्चारला जातो, आणि खानदेशाला लागून मध्य प्रदेशची सीमा असल्यामुळे तिकडच्या महाविद्यालयांची पत्रके इकडे सर्रास फिरतात. पण त्याच राज्यातील नर्सिंग महाविद्यालयांची उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयकडून तपासणी झाली, हेही पत्रके वाटणाऱ्यांनी सांगायला हवे होते. सगळी महाविद्यालये वाईट असतात असे नाही. मात्र तपासणीत एखादे महाविद्यालय सापडले की संस्थाचालक वकील लावतात, आणि विद्यार्थिनीची वर्षे मात्र कोणी भरून देत नाही.

सरकारी सेवेत असलेल्या परिचारिकेला याहूनही मोठा धोका आहे आणि त्याबद्दल सल्लागार कधीच बोलत नाहीत. तुम्ही प्रत्यक्षात घरी किंवा वॉर्डात असाल, पण पदवी ‘नियमित’ दाखवायची म्हणून त्या महाविद्यालयाच्या हजेरीपत्रकावर तुमच्या नावापुढे उपस्थिती लागेल. त्याच तारखांना तुमच्या रुग्णालयाच्या हजेरीपटावर, ड्युटी रोस्टरवर आणि बायोमेट्रिक यंत्रातही तुमची उपस्थिती असेल. एकच व्यक्ती एकाच दिवशी दोन राज्यांत हजर असल्याचे हे दोन कागद ज्या दिवशी एका टेबलावर येतील, त्या दिवशी पदवी तर जाईलच, शिवाय विभागीय चौकशी मागे लागेल. मागील तारखेचा प्रवेश तर याच्याही पुढची गोष्ट आहे. ती सरळ बनावट नोंद आहे आणि तिच्यावर सही तुमची असेल, सल्लागाराची नसेल.

ती पदवी घेऊन शिकवायला जायचे म्हटले तरी पुढची दारे एकामागून एक बंद होतात. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे अतिरिक्त अर्हतेची नोंद करावी लागते, आणि मान्यता नसलेल्या पदवीची नोंद होत नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या संलग्न महाविद्यालयांतील शिक्षकांना स्वतंत्र मान्यता देते, तिथे मूळ पदवी तपासली जाते. पुढे पीएच.डी. करावीशी वाटली तर एम.एस्सी.चाच पाया लागतो. दूरस्थ पद्धतीच्या तांत्रिक पदव्यांचे काय होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने दाखवून दिले आहे: काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक परवानगीशिवाय दिलेल्या अभियांत्रिकीच्या दूरस्थ पदव्या न्यायालयाने निलंबित केल्या, त्यांतल्या नंतरच्या वर्षांतील तर रद्दच केल्या. तोवर त्या पदव्यांवर कित्येकांना बढत्या मिळून गेल्या होत्या.

एक गोष्ट स्पष्ट करून घेते, कारण गोंधळ तिथूनही होतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने अनेक वर्षे चालत आला, तुमच्या ओळखीत कोणीतरी तो केलाही असेल, आणि म्हणून ‘बी.एस्सी. होते तर एम.एस्सी. का नाही’ असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तो सेवेतील परिचारिकांसाठी आखलेला वेगळा कार्यक्रम होता. त्यातही संपर्कवर्ग आणि रुग्णालयातील प्रात्यक्षिके होती. त्यावरून एम.एस्सी.बद्दल अनुमान काढता येत नाही.

तुमच्या मैत्रिणीने अमेरिकेबद्दल सांगितलेले खरे आहे, पण अर्धे. तिथे नोकरी करणाऱ्या परिचारिकांसाठी ऑनलाइन मास्टर्स ही रीतसर आणि प्रतिष्ठित वाट आहे, आणि चांगल्या अभ्यासक्रमांना सीसीएनई किंवा एसीईएन या संस्थांचे अधिस्वीकरण असते. व्याख्याने, चर्चा आणि निबंध ऑनलाइन होतात. परंतु रुग्णसेवेचे तास तिथेही प्रत्यक्षच भरावे लागतात, आणि ते विद्यार्थिनीच्या राहत्या भागातील रुग्णालयात, मान्य केलेल्या अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली. नर्स प्रॅक्टिशनरच्या, म्हणजे प्रगत प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेच्या, शिक्षणासाठी २०२२ मध्ये सुधारलेल्या तिथल्या राष्ट्रीय निकषांत थेट रुग्णसेवेचे किमान ७५० तास सांगितले आहेत. अध्यापन किंवा व्यवस्थापनाच्या शाखांना तास कमी असतात, तरी प्रत्यक्ष अनुभव चुकत नाही. म्हणजे जिथे ऑनलाइन पदवी मान्य आहे तिथेही ‘हजेरीची गरज नाही’ हे वाक्य कोणी उच्चारत नाही.

हा मार्ग तुम्हाला चोपड्यात बसून बहुधा उपयोगाचा नाही. अशा अभ्यासक्रमांना साधारणपणे अमेरिकेतील एखाद्या राज्याचा चालू आर.एन. (नोंदणीकृत परिचारिका) परवाना लागतो, तो एनक्लेक्स ही परवाना परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, आणि विद्यापीठाला विद्यार्थिनी जिथे राहते तिथे अभ्यासक्रम चालवण्याची मुभा असावी लागते. डॉलरमधील फी वेगळीच. समजा हे सगळे जमवून पदवी आणली, तरी भारतात तिचा उपयोग शिकवण्यासाठी होईल असे धरून चालू नका. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये जे विनियम केले, त्यांतून परिचर्येसारखे वैधानिक परिषदांच्या अखत्यारीतील विषय वगळलेले आहेत, म्हणजे शेवटचा शब्द परिचर्या परिषदेचाच. ज्यांना परदेशात नोकरीच करायची आहे त्यांचे गणित निराळे आहे. त्यांना परवाना परीक्षा आणि भाषेची परीक्षा आधी द्यावी लागते, मास्टर्स नंतर तिथे राहून करता येते. तुमच्या पत्रात परदेशी जाण्याची इच्छा कुठे दिसली नाही, म्हणून हा विषय इथेच सोडते.

मग तुम्ही काय करावे? माझ्या मते तुमच्यासाठी नियमित दोन वर्षांचा अभ्यासक्रमच योग्य आहे, आणि तो नोकरी न सोडता होऊ शकतो का, हे विचारण्याची जागा सल्लागाराचे कार्यालय नसून जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयातील आस्थापना शाखा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. ती मागण्याइतकी तुमची सेवा झालेली आहे, असे माझे वाचन सांगते. रजेच्या काळातील वेतन, रजेची कमाल मुदत, परतल्यावर ठरावीक काळ सेवा करण्याचे बंधपत्र आणि ते मोडल्यास होणारी वसुली, या चार गोष्टी मात्र तोंडी ऐकू नका, लेखी मागा. प्रवेश मिळण्यापूर्वी विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. सेवांतर्गत उमेदवारांना त्या वर्षी काही वेगळी सोय लागू आहे का, हेही त्याच अर्जात विचारा. अनेक परिचारिका नियम आपल्यासाठी नाहीतच असे गृहीत धरून बिनपगारी रजा टाकतात किंवा राजीनामा देतात. वॉर्डातल्या औषधसाठ्याची नोंद पानापानाने तपासणाऱ्या या बायका स्वतःच्या रजेचा नियम कधी उघडून पाहत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते.

पात्रतेची काळजी करू नका. पोस्ट बेसिक बी.एस्सी.मध्ये किमान ५५ टक्के गुण, परिचारिका व प्रसाविका (मिडवाइफ) म्हणून नोंदणी आणि किमान एक वर्षाचा अनुभव, एवढी अट आहे. तुमचे ५८ टक्के पुरेसे आहेत. शाखा पाच आहेत: मेडिकल-सर्जिकल, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. तुम्ही प्रसूती कक्षात रमलेल्या दिसता, तेव्हा तीच शाखा धरा. जागा सहज मिळते म्हणून भलती शाखा घेऊ नका, कारण पुढे आयुष्यभर तीच शिकवावी लागते. महाविद्यालय निवडताना आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्न महाविद्यालयांची चालू वर्षाची यादी आणि भारतीय परिचर्या परिषदेची यादी, या दोन्हींत त्याचे नाव आणि नेमकी तुमची शाखा आहे की नाही हे स्वतः पाहा. आधी जळगाव, धुळे, नंदुरबार पाहा, मग नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर. आपल्या जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे परिचर्येच्या पदव्या नाहीत, त्यामुळे तिथल्या कार्यालयात चकरा मारू नका. प्रवेश राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाच्या प्रक्रियेतून होतात, म्हणून तारखा त्यांच्याच संकेतस्थळावर पाहाव्यात.

पगार आणि शिक्षण एकाच वेळी चालू राहील असे आणखी दोन मार्ग आहेत. नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम निवासी पद्धतीचा आहे. त्यात शिकणारी परिचारिका अतिदक्षता विभागात काम करीतच शिकते, सुमारे २० टक्के भाग सिद्धान्ताचा आणि उरलेला प्रत्यक्ष कामाचा असतो. पण तो मोठ्या रुग्णालयांतच चालतो आणि त्याचा रोख अतिदक्षतेवर आहे, तेव्हा तुमच्यासाठी तो पहिली निवड ठरू नये. दुसरा मार्ग तुम्हाला अधिक जवळचा आहे: केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यानुसार नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हे १८ महिन्यांचे प्रशिक्षण आखले आहे. ही मास्टर्स पदवी नव्हे. मात्र प्रसूती कक्षातच मोठी जबाबदारी हवी असेल, तर राज्याकडून त्यासाठी नावे कधी मागवली जातात यावर लक्ष ठेवा. केवळ परिसेविकेच्या (वॉर्डच्या प्रमुख परिचारिकेच्या) बढतीसाठी एम.एस्सी. करायची असेल तर मात्र थांबा. ती वाट मुख्यतः सेवाज्येष्ठतेची आहे.

ऑनलाइन शिक्षणाचा तुम्हाला उपयोग नाही असे मी म्हणत नाही. उपयोग आहे, पण पदवीसाठी नव्हे, तर तयारीसाठी. पोस्ट बेसिकनंतर मध्ये बरीच वर्षे गेली की एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी दोन विषय हमखास छळतात: संख्याशास्त्र आणि इंग्रजीतील शोधनिबंधांचे वाचन. ‘स्वयम्’ या सरकारी मंचावर संशोधन पद्धती, संख्याशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे अभ्यासक्रम फी न भरता ऐकता येतात. परीक्षा आणि प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क लागते. रात्रपाळीनंतर अभ्यास करण्याचा हट्ट धरू नका. रात्रपाळीच्या आठवड्यात पुस्तक बंद ठेवावे, सकाळच्या पाळीच्या आठवड्यात दुपारी झोप झाल्यावर रोज एक तास वाचावे, आणि सुटीचा दिवस घरच्यांना द्यावा, हेच वेळापत्रक वर्षभर टिकते. दर आठवड्याला एक इंग्रजी शोधनिबंध वाचा आणि त्याचा प्रश्न, पद्धत व निष्कर्ष मराठीत एका पानावर लिहा. वाचताना कोणता शब्द अडतो याची वही ठेवलीत तर मुलाखतीतही ती कामी येईल.

प्रबंधाचा विषय तर तुमच्या वॉर्डातच आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या गरोदर मातांमधील रक्तक्षय, सिकलसेलग्रस्त मातेची प्रसूतीपूर्व देखभाल, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेल्यामुळे तपासण्या चुकलेल्या स्त्रिया, हे प्रश्न पुण्या-मुंबईतील विद्यार्थिनीला पुस्तकात शोधावे लागतात. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले, त्यामुळे या विषयावर तपासणीच्या नोंदी आता अधिक नीट ठेवल्या जात आहेत. त्या नोंदी संशोधनासाठी वापरायच्या तर नैतिकता समितीची मान्यता लागते, आणि रुग्णांची नावे तुमच्या वहीत उतरवायची नसतात. आत्तापासून फक्त निरीक्षणे टिपा.

पैशांचे गणित घरच्यांसमोर असे मांडा. सल्लागाराला देण्यासाठी बाजूला काढलेल्या रकमेपैकी १ लाख ७० हजार अजून तुमच्याच हातात आहेत. ते मुदत ठेवीत ठेवून नियमित महाविद्यालयाच्या फीसाठी राखा. फी किती, हे महाविद्यालयाच्या सांगण्यावर न जाता शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या आकड्यावरून पाहा, आणि भरताना पावती महाविद्यालयाच्या नावाचीच घ्या. सासूबाईंची औषधे, मुलांची शाळा आणि रोजचा एस.टी.चा प्रवास, हे दोन वर्षे कोण सांभाळणार याचे उत्तर प्रवेशाआधी घरात स्पष्ट ठरवून घ्या. यजमानांना केळीच्या कापणीच्या दिवसांत घरी थांबता येणार नसेल तर ते त्यांनी आजच सांगावे. धाकट्या मुलाची शाळा सुरू होईपर्यंत एक वर्ष थांबावे लागले तरी बिघडत नाही. तयारीला ते वर्ष कमीच पडेल.

अध्ययन रजेबाबतचा अर्ज या आठवड्यातच तुमच्या वैद्यकीय अधीक्षकांमार्फत पाठवा. त्याची एक प्रत आवक क्रमांक आणि दिनांकाच्या शिक्क्यासह स्वतःजवळ ठेवा, आणि महिनाभरात उत्तर आले नाही तर त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्या. उत्तर काय आले ते मला जरूर कळवा. रजा नाकारली गेली तर नकाराचे कारण लेखी घ्या, म्हणजे पुढे काय करता येईल हे त्या कारणावरून ठरवता येईल.